प्रभावळीचं वय

लाकूड खोटं बोलत नाही, असं आमचे वडील म्हणायचे. स्वतः मात्र दिवसभर खोटं बोलायचे. आजोबाच्या काळातलं दार पणजोबाच्या काळातलं म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचे, आणि गिऱ्हाईक रिक्षात बसलं की माझ्याकडे बघून म्हणायचे, "लाकडानं कुठं सांगितलं? मी सांगितलं."

औरंगाबादेत शहागंजच्या मागच्या अंगाला आमची जुन्या लाकडाची वखार होती. वडील मूळचे सुतार. पोलीस ॲक्शन झाली, आणि पुढं कितीतरी वर्षं शहरातल्या न् दौलताबादेतल्या हवेल्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या. कुणी हैदराबादला गेलं, कुणी त्याहून लांब. जे मागं राहिले त्यांच्या घरातली चूल दारं विकून पेटू लागली. वडिलांनी पटाशी खाली ठेवली आणि पहार उचलली. बांधण्यापेक्षा उकलण्यात जास्त बरकत आहे, हे त्यांना गावात सगळ्यांच्या आधी कळलं.

दौलताबादच्या एका हवेलीचा किस्सा ते जेवताना हसत हसत सांगायचे. हवेलीचा सौदा झाला होता, पण घरातली म्हातारी अजून आतच होती, तिला न्यायला हैदराबादहून कुणी यायचं होतं. वडिलांनी थांबायला पाहिजे होतं. ते थांबले नाहीत. त्यांनी पहिल्यांदा मुख्य दारच काढलं. म्हातारी पडद्याआडून म्हणाली, "दरवाजा तो छोड के जाव भाई, हम अब्बी अंदरीच हैं." वडील म्हणाले, "परदा है ना अम्मा." आणि दार बैलगाडीत घातलं. हा किस्सा सांगून झाला की ते पाणी प्यायचे आणि आईला आणखी एक भाकरी वाढायला सांगायचे. आई वाढायची. मीही हसायचो.

मॅट्रिक झाल्यावर त्यांनी मला वखारीत घेतलं आणि लाकूड वाचायला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, दोन तुकडे पुढ्यात टाकायचे आणि विचारायचं: कुठलं, कधीचं? चुकलं की त्या दिवशी रात्रीचं जेवण नाही. मी बरेच दिवस उपाशी झोपलो, पण शिकलो. हवेलीतल्या सागवानाला चुन्याचा वास येतो, देवळातल्याला तेलाचा, आणि तो वास घासून जात नाही. वाकशीनं तासलेली पाठ बोटाला लाटांसारखी लागते, करवतीनं कापलेली सपाट. जुनी लाकडी मेख गोल नसते, हातानं तासलेली असते, तिला अंग असतं. काही कळेना तर जीभ लावायची. लाकूड चाटताना मला कुणी बघितलं तर लाज वाटायची. वडिलांना कधीच वाटली नाही.

आणि सगळ्यात मोठा धडा: मालकाला विचारायचं नाही. "माणूस आपल्या आजोबाला मोठा करतो," ते म्हणायचे, "लाकूड करत नाही. मालक बोलायला लागला की त्याला गप्प बसव."

वडील गेले तेव्हा हा धडा मला पाठ होता. त्यांचा धंदा माझ्याकडे आला, त्यांची पहार आली आणि त्यांची जीभही आली, चाटायची आणि बोलायची, दोन्ही. थोड्याच वर्षांत माझं नाव झालं. मुंबईचे व्यापारी खांब घेण्याआधी मला फोन करायचे. मी लांबूनच फळीकडे बघून "मागल्या पिढीतली आहे, घेऊ नका" म्हणायचो आणि विकायला आलेल्याचं तोंड पडलेलं बघायचो. ते बघायला मला आवडायचं.

पोलीस ॲक्शनला तिसेक वर्षं होऊन गेली असतील तेव्हाची ही गोष्ट. पिशोरच्या पलीकडच्या एका गावाहून दोन पार्ट्या माझ्याकडे आल्या. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं खंडोबाचं देऊळ आहे आणि देवामागं सागवानी कोरीव प्रभावळ होती. कमानीसारखी, वेलबुट्टीची, दोन्ही खांद्यांवर एकेक मोर. गावची रीत अशी की ज्या घराण्यानं ही प्रभावळ देवाला वाहिली, त्या घराण्याचा जत्रेत पालखीला पहिला खांदा. हा मान आजवर वस्तीवरच्या धनगरांचा होता. त्यांचं म्हणणं, आमच्या सात पिढ्यांमागच्या पूर्वजानं ही करवून घेतली आणि पाठीवर वाहून आणली. पाटलाच्या मुलाकडे देवळाची कमिटी आली, आणि त्यानं नवं काढलं: ही प्रभावळ नाहीच, ही दौलताबादच्या हवेलीतल्या कोनाड्याची महिरप आहे, पोलीस ॲक्शननंतर हवेल्या मोडल्या तेव्हा आमच्या आजोबांनी आणून देवाला वाहिली, म्हणजे पहिला खांदा आमचा. तेव्हाची जाणती माणसं थोडीच उरली होती, आणि जी होती ती पाटलाच्या शब्दाबाहेर नव्हती.

दौलताबादची ती हवेली म्हणजे आमच्या वडिलांनी उकललेली, दाराच्या किश्शातली. म्हणून माझ्याकडे आले. वडिलांचा हात लागलेलं लाकूड मुलगा ओळखणारच, असं दोन्हीकडच्यांना पटलं होतं. मी सांगीन ते मान्य, असं देवळाच्या पायरीवर भंडारा उचलून ठरलं होतं.

पाटलाचा मुलगा जीपनं आला, सोबत चार माणसं. धनगरांकडून एक म्हातारा आला, घराण्यातला थोरला, अंगावर घोंगडी, डोक्याला पिवळट पागोटं. तो भाड्याच्या टेम्पोतून आला होता. सोबत त्याची सून होती. प्रभावळ तिनं पिशोरपासून मांडीवर धरून आणली होती, काळ्या घोंगडीत गुंडाळून, लेकरू आणावं तशी. म्हाताऱ्यानं प्रभावळ उचलून आत आणली. सून फाटकापाशी टेम्पोतच बसून राहिली, रिकामी घोंगडी घडी करून मांडीवर. तिकडे आमची आरायंत्राची करवत चालू होती, आतलं बोलणं तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"आंघूळ घालून आणलीया," म्हातारा म्हणाला. "देवाची वस्त पारोशी येशीबाहीर काढत नाय आमी."

मी मान हलवली. रीत मला ठाऊक होती. चिंच, राख, पाणी. त्यानं वरवरची काजळी जाते, आत मुरलेली जात नाही. सात पिढ्यांची काजळी असेल तर लाकडाच्या शिरांत उतरलेली असणार, आणि तीच मला बघायची होती.

मी प्रभावळ बाकावर आडवी घातली. भिंग घेतलं. लाकूड फिकट होतं, अगदी साळसूद. शिरांत काळं नाही. नक्षीच्या खोबणीत तेलाचा चिकटा नाही, भंडाऱ्याचा पिवळा कण नाही. पाठीला विलायती स्क्रू मारलेले. आणि कोरीवकामावर बारीक लव उठलेली, फडक्याला अडकणारी. ती लव बघितली आणि मी मनात म्हटलं, सापडलास.

ही लव मी रोज बघायचो. हवेलीतून आलेल्या लाकडावर रंगाचे थर असतात. ते काढायला आम्ही वखारीत सोड्याचं उकळतं पाणी ओततो. धंद्यात त्याला औषध म्हणतात. औषधानं रंग जातो, काळं जातं, लाकूड पांढरं पडतं आणि त्याची लव उठते. मी खात्रीसाठी जीभ लावली. खारट, तुरट. औषध, शंका नको. वास घ्यायला थांबलो नाही.

"साहेब, येक सांगू का," म्हातारा म्हणाला.

"बाबा, लाकूड बोलतंय. तुम्ही मध्ये बोलू नका."

तो एक पाऊल मागं सरला. मी आणखी थोडा वेळ भिंग फिरवलं. गरज नव्हती. सहा माणसं श्वास धरून माझ्या हाताकडे बघत होती आणि मला ते संपवायचं नव्हतं. पाटलाचा मुलगा सिगारेट न पेटवता बोटांत धरून उभा होता. म्हातारा पुन्हा पुढं सरकला.

"साहेब, ही काळी व्हती—"

"काळी असेल हो. तीस वर्षं दिव्यापुढं ठेवलं तर मीसुद्धा काळा पडेन." वखारीतली माझी माणसं हसली. मग मी उभा राहून सांगितलं, एकेक वाक्य तोलून. ही हवेलीतली महिरप आहे. वेल हवेलीचा आहे, मोर नंतर कुणी हौसेनं बसवलेत. हिला वखारीतलं औषध लागलेलं आहे, आणि हे औषध वखारीत लावतात, देवळात नाही. म्हणजे ही बाजारातून आली. दिव्यापुढं तीस वर्षांहून जास्त राहिलेली नाही, नाहीतर काळं शिरांत उतरलं असतं.

इथपर्यंत थांबलो असतो तरी चाललं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हाताऱ्याकडे वळून म्हणालो, "बाबा, तुमच्या पूर्वजांनी मेंढरं राखली असतील. नक्षी राखायचं काम त्यांचं नव्हे."

पाटलाचा मुलगा मोठ्यानं हसला. त्याची चार माणसं हसली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर मला राग दिसायला हवा होता. तो दिसला नाही. तो औषधाच्या पिंपाकडे बघत होता, कोपऱ्यात उघडंच पडलेलं होतं, कडेला पांढरी खपली धरलेली. मग खाली वाकून त्यानं प्रभावळीवरच्या लवेवरून बोट फिरवलं.

रीत म्हणून मी विचारलं, "काही म्हणायचंय का?"

त्यानं मान वळवून फाटकाकडे बघितलं. टेम्पोत सून तशीच बसली होती, घोंगडीवर हात ठेवून, आमच्याकडे डोळे लावून. काय ठरलं ते तोंडांवरून वाचायचा प्रयत्न करत असावी. म्हातारा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"नाय," तो म्हणाला.

मला वाटलं, पकडला गेलेला माणूस असाच दाराकडे बघतो. वखारीच्या कागदावर मी निकाल लिहून दिला, खाली झोकात सही केली.

पंधरा दिवसांनी जत्रा होती. पाटलाच्या घरून मला न्यायला जीप आली. मला फेटा बांधला, नारळ दिला, पुढं खुर्ची दिली. पालखी उचलायच्या आधी कमिटीनं म्हाताऱ्याला बोलावलं. देवाचं नाव घेऊन पिढ्यान्‌पिढ्या खोटा मान खाल्ला, म्हणून त्यानं देवळाच्या पायरीवर नाक घासावं, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं हे विचारायची तेव्हा गरज वाटली नाही. म्हातारा पागोटं काढून गुडघ्यांवर बसला. त्याचं डोकं किती लहान होतं ते तेव्हा दिसलं. त्यानं नाक घासलं. पाटलाचा मुलगा म्हणाला, "अजून." त्यानं अजून घासलं. पायरी खडबडीत होती, दगडाला रक्ताचा डाग लागला आणि वरून उधळलेला भंडारा त्याला चिकटला.

मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण नाही लिहिलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. माझा निकाल इतका खरा, की त्यावर माणसं नाक घासतात, असं मला खुर्चीत बसून वाटलं.

त्याला उठवायला कुणी पुढं गेलं नाही. त्याचा मुलगा गर्दीत उभा होता. तो चिकलठाण्याला कंपनीत कामाला होता, अंगात कंपनीचा निळा शर्ट होता. तो बापाकडे बघतच नव्हता. शेवटी सून गेली. तिनं सासऱ्याला काखेत धरून उभं केलं आणि पदरानं त्याचं नाक पुसलं. एवढ्यात नवरा आला. त्यानं तिचा दंड धरून असं हिसडलं की मनगटातली बांगडी फुटून खाली पडली. "खोटारड्याला पुसती," तो म्हणाला. मग पालखी उठली, पहिला खांदा पाटलाच्या मुलानं दिला, आणि मी नारळ मांडीवर घेऊन बसलो.

सात वर्षं गेली. देऊळ नवं झालं, संगमरवराचं, मागं चांदीची प्रभावळ. जुनी घेऊन पाटलाचा माणूस वखारीत आला.

"देवाची वस्तू विकायला आणली?" मी विचारलं.

"तुमीच म्हनले ना साहेब, देवाची नाय म्हनून," तो म्हणाला. "तुमचा कागद हाय आमच्याकडं."

मी ठेवून घेतली. एका मुंबईच्या माणसाला आरशाला लावायला अशी महिरप हवीच होती. खालची आडवी पट्टी किडली होती, ती काढायची म्हणून मी पाठीचे स्क्रू सोडवले. स्क्रूच्या आड जुन्या लाकडी मेखा निघाल्या, अंग असलेल्या. स्क्रू गावच्या लोहारानं कधीतरी डागडुजीला मारलेले असणार. मेखा ठोकून काढल्या आणि सांधा उघडला.

सांध्यातलं कुसू, म्हणजे एका लाकडाचा खोबणीत बसणारा जिभेसारखा भाग, काळ्या लोकरीच्या दोऱ्यानं घट्ट गुंडाळलेलं होतं. सुतार कुसू ढिलं झालं तर पाचर मारतो. लोकर गुंडाळणारा सुतार मी आयुष्यात पाहिला नव्हता. ती हातानं कातलेली, मेंढीची लोकर होती. ज्याच्याकडे मेंढरं आहेत त्यानंच सुताराच्या हातात दिलेली. खोबणीच्या तळाशी भंडारा होता. तेलानं दगडासारखा झालेला, पिवळा, त्यावर काळं, त्यावर पिवळं, त्यावर काळं. पटाशीनं टोकरला तर थर सुटत गेले. मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. तिथलं सागवान शिरांच्या आतपर्यंत काळं होतं. कोळशासारखं.

आणि खोबणीच्या तोंडाशी, नखाच्या रुंदीएवढी, पांढरी रेघ. सोडा बाहेरून आत जिथवर झिरपला तिथवर काळं खाऊन गेला होता. पुढं गेला नव्हता. औषध काळ्याच्या नंतरचं होतं. अगदी नंतरचं.

मी बाकावर बसलो. ते काळं खोल मुरलेलंच होतं. कुणीतरी ते माझ्यापुढं यायच्या आधी सोड्यानं उकळून काढलं होतं. आंघूळ घालून आणलीया, असं म्हातारा म्हणाला होता. कशानं घातली, हे मी विचारलं नाही. ही काळी व्हती, असं तो म्हणाला होता, आणि मी त्यावर विनोद केला. पाटलाच्या मुलानं ती प्रभावळ जन्मभर काळीकुट्ट बघितलेली होती. बाकावर फिकट लाकूड बघून तो सिगारेट धरून गप्प राहिला. त्याचं गप्प राहणं मला समजलं. माझं बोलणं समजेना.

दुसऱ्या दिवशी सांधा पुन्हा बसवला, प्रभावळ पोत्यात गुंडाळली आणि पिशोरची बस धरली. पुढं वस्तीवर चालत गेलो. वाटेत बोलायचं पाठ करत होतो. आधी म्हाताऱ्याला सांगायचं, मग गाव गोळा करायला लावायचं, मग सगळ्यांपुढं कागद फाडायचा. मला स्वतःचंच थोडं कौतुक वाटायला लागलं होतं.

म्हातारा खाटेवर बसलेला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, नाकावर पायरीचा पांढरा वण. कंपनीला सुटी होती, त्यामुळे मुलगाही घरी होता. उंबऱ्यात बसून दाढी करत होता, पुढं आरसा. सून चुलीपाशी होती. मी नाव सांगितलं तसा मुलाचा हात थांबला. सुनेनं तरी मला पाणी दिलं.

मी पोतं सोडलं. म्हाताऱ्यानं हात पुढं केला, मोरावर ठेवला आणि तिथंच राहू दिला.

"बाबा, माझं चुकलं," मी म्हणालो. "ही तुमचीच आहे. तुमच्या घराण्यानंच केलेली. हवेलीची नाही, बाजारची नाही. सांध्यात तुमची लोकर आहे."

इथं थांबायचं होतं. एवढं पुरेसं होतं. तेवढ्यानं त्याचा मान परत येत होता, आणि झाकली मूठ झाकलेली राहत होती. पण मी लाकूड ओळखणारा माणूस. माझी चूक नुसती चूक म्हणून मागं ठेवून जाणं मला जमेना. एवढा नावाजलेला माणूस चुकला तर त्याला कारण असलं पाहिजे, आणि ते कारण मी असता कामा नये.

"पण माझा तरी काय दोष," मी म्हणालो. "कुणीतरी ती सोड्यानं उकळून घासली होती. सात पिढ्यांचं काळं त्यात गेलं. पुरावाच धुऊन टाकला. नुसत्या पाण्यानं धुतली असती, तर मी तिथल्या तिथं सांगितलं असतं की ही तुमची."

चुलीपाशी काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

म्हाताऱ्यानं मोरावरचा हात काढला. "मला ठावं व्हतं," तो हळू म्हणाला. "तुमच्या वखारीतच कळलं. ते पिंप बगितलं तवाच."

"मग तेव्हा बोलला का नाहीत? मी विचारलं होतं तुम्हाला."

त्याला नीट दिसत नव्हतं, तरी त्यानं तोंड उंबऱ्याकडे वळवलं, मुलाकडे. "ह्याचा हात लई चालतो," तो म्हणाला. "म्या म्हनलं, नाकच घासायचं हाय ना. घासू." मग माझ्याकडे वळला. सात वर्षांपूर्वी तो मला साहेब म्हणत होता. "सात वरीस झाकून ठिवलं व्हतं रं. तू कामून आलास?"

मुलानं वस्तरा आरशाजवळ ठेवला. अर्ध्या तोंडाला साबण तसाच होता. तो शांतपणे म्हणाला, "सोडा कुनी आनला व्हता?"

त्यानं आधी बापाकडे बघितलं, मग चुलीकडे.

"सोडा कुनी आनला व्हता?"

"म्या," सून म्हणाली. ती उभी राहिली होती. माझ्याकडे बघत नव्हती, आपल्या हातांकडे बघत होती, दोन्ही तळवे वर करून. "बाजारातून आनला. लई काळी दिसत व्हती. पाटलाची मानसं येनार, शहरातला साहेब बगनार, म्हनलं देव उजळ दिसावा. तीन दिस घासली. हाताची सालं निघाली माज्या." मग सासऱ्याकडे वळून म्हणाली, "मामा, तुमी मला सांगितलं का नाय?"

म्हातारा म्हणाला, "तू भाकरी टाक."

मुलगा उठला. त्यानं तोंडावरचा साबण बाहीनं पुसला. मी मध्ये पडायला हवं होतं. मी त्याच्यापेक्षा उंच होतो, पाहुणा होतो, शहरातला होतो. मला भीती वाटली. म्हाताऱ्यानं खाटेवरून उठायचा प्रयत्न केला आणि चाचपडत प्रभावळ माझ्याकडे ढकलली.

"ही घिऊन जा. गावात कुनाला सांगू नको. आता तेवढं तरी कर."

मी पोतंही विसरलो. प्रभावळ उचलली, चपला पायात अडकवल्या न अडकवल्या आणि निघालो. मागं दार लागल्याचा आवाज आला. पहिला फटका ऐकू आला, दुसराही आला. तिचा आवाज आला नाही. म्हाताऱ्याचा येत होता, मुलाचं नाव घेऊन तो पुन्हा पुन्हा हाक मारत होता. मी झपाझप चालत राहिलो. ते घर दिसेनासं होईपर्यंत मागं वळलो नाही.

बसमध्ये गर्दी होती. वर ठेवायला जागा नव्हती, म्हणून प्रभावळ मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरून. शेजारी एक शेतकरी बसला होता, कन्नडच्या बाजाराहून परतणारा. बराच वेळ त्यानं मोरांकडे बघितलं.

"देवाची हाय का?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"जुनी हाय?"

"सात पिढ्यांची. वस्तीवरच्या धनगरांची आहे."

त्यानं हात जोडले, प्रभावळीच्या पायाशी बोट लावून कपाळाला लावलं आणि खिडकीबाहेर बघू लागला. प्रभावळीचं खरं वय त्या घराबाहेर मी आजवर मोठ्यानं एवढं एकदाच सांगितलं.